दोन्ही घरची मार्टिना

कुठल्याही लग्न झालेल्या बाईला विचारून बघा, ‘तुमचं गाव कोणतं हो?’ पुरुष असतो तो चटकन गावाचं नाव सांगून मोकळा होतो. बाई मात्र क्षणभर थांबते आणि उलट विचारते, ‘माहेरचं की सासरचं?’ लग्नाला तीस-तीस वर्षं झालेली, सुना-नातवंडांत रमलेली बाईसुद्धा थांबते. दोन्ही गावं तिचीच असतात. एक सांगितलं की दुसऱ्यावर अन्याय झाल्यासारखं वाटतं.

हाच प्रश्न गावाऐवजी देशाचा असेल तर? जन्म एका देशात, कर्तृत्व दुसऱ्या देशात, आणि दोन्ही देशांनी कधी जवळ घेतलेलं, कधी दूर लोटलेलं. अशी एक बाई आहे. ती तुम्हा-आम्हाला टेनिसमुळे माहीत आहे. मार्टिना नवरातिलोवा. विम्बल्डन एकेरीत नऊ वेळा जिंकलेली, डाव्या हातानं खेळणारी, दंडावरच्या शिरा दिसाव्यात इतकी पिळदार. आज तिच्याकडे दोन देशांचं नागरिकत्व आहे, अमेरिकेचं आणि चेक प्रजासत्ताकाचं. पण मधे अशीही सहा वर्षं गेली की तिच्याकडे कुठल्याच देशाचं नव्हतं. मैत्रिणींनो, मला तिच्या चषकांइतकीच ही कागदाची गोष्ट मोलाची वाटते.

मार्टिनाचा जन्म १८ ऑक्टोबर १९५६ चा, प्रागचा. तेव्हा तो देश चेकोस्लोव्हाकिया होता आणि तिथे कम्युनिस्ट राजवट होती. ती तीन वर्षांची असताना आईवडील वेगळे झाले. आई याना मुलीला घेऊन प्रागजवळच्या रेव्हनित्से या छोट्या गावात, आपल्या माहेरी आली. आई स्वतः खेळाडू. जिम्नॅस्टिक्स, टेनिस, बर्फावरचं स्कीइंग, सगळं करणारी. आजी तर देशपातळीवर टेनिस खेळलेली. म्हणजे आपल्याकडे एखाद्या घरात लेकीकडे आजीचं पुरणपोळीचं हातवळण येतं ना, तसं या घरात रॅकेट आली.

पुढे १९६२ मध्ये आईनं मिरोस्लाव्ह नवरातिल यांच्याशी दुसरं लग्न केलं. मार्टिनानं त्यांचंच आडनाव लावलं. तिकडे बाईच्या आडनावापुढे ‘ओवा’ लागतं, म्हणून नवरातिलची नवरातिलोवा. हे सावत्र वडीलच तिचे पहिले गुरू. सावत्र म्हटलं की आपल्या मनात लगेच पाल चुकचुकते. इथे मात्र या माणसानं दुसऱ्याच्या मुलीला पोटच्या मुलीसारखं कोर्टावर उभं केलं, घडवलं. आणि गंमत बघा, ‘नवरातिल’ या चेक शब्दाचा अर्थच आहे ‘परत आला’. ज्या मुलीला पुढे आपल्याच घरी परत जायची बंदी झाली, तिनं हे आडनाव जगभर मिरवलं.

ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये घुसले. तिथल्या सरकारनं लोकांना थोडी मोकळीक देऊ केली होती, ती चिरडायला. मार्टिना तेव्हा अकरा वर्षांची होती. त्या वयाच्या मुलीला राजकारण कळत नाही, पण मोठ्या माणसांचे आवाज खाली गेलेले कळतात. देश सोडून गेलेल्यांची नावं हळू आवाजात घेतली जातात, हे कळतं. ही मुलगी ते बघत वाढली. १९७२ मध्ये, पंधराव्या वर्षी ती देशाची विजेती झाली. पुढच्याच वर्षी खेळायला पहिल्यांदा अमेरिकेत गेली.

अमेरिकेनं तिला भूलच घातली. तिथली मोकळी माणसं, दुकानं, आणि हो, खाणंही. पिझ्झा, हॅम्बर्गर खाऊन वजन इतकं वाढलं की त्याची चर्चा वर्तमानपत्रांत झाली. पण मायदेशी खेळाच्या अधिकाऱ्यांना तिचं वजन खुपत नव्हतं. त्यांना खुपत होतं ते तिचं अमेरिकन मुलींशी मैत्री करणं, त्यांच्यासारखं वागणं-बोलणं. मुलगी ‘हाताबाहेर चालली’ म्हणून तिला स्पर्धांना पाठवायचं की नाही, यावर कुरबुरी सुरू झाल्या. १९७५ साली तिनं चेकोस्लोव्हाकियाला फेडरेशन कप जिंकून दिला. देशादेशांतली ही महिलांची सांघिक स्पर्धा. पण त्याच वर्षी अमेरिकन ओपनला जायची परवानगी मिळवताना तिला नाकी नऊ आले. कुठे खेळायचं, कुणाशी बोलायचं, कधी परत यायचं हे सगळं दुसरे ठरवणार.

सप्टेंबर १९७५. न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन ओपनच्या उपांत्य फेरीत ती क्रिस एव्हर्टकडून हरली. आणि त्यानंतर लगेच तिथल्या सरकारी कचेरीत जाऊन तिनं आश्रय मागितला. वय वर्षं अठरा. आपल्याकडे अठराव्या वर्षी मुलगी कॉलेजच्या गावी जायला निघाली तरी घरात चार दिवस आधीपासून पिशव्या भरणं चालू असतं. लाडू, चिवडा, लोणच्याची बरणी. ही मुलगी रॅकेटच्या पिशवीनिशी आली होती आणि आईवडील, धाकटी बहीण, आजी, सगळ्यांना पुन्हा कधी भेटता येईल हे माहीत नसताना तिनं अर्जावर सही केली. तिच्या देशानं तिचं नागरिकत्व काढून घेतलं. सरकारी वर्तमानपत्रांतून तिचं नाव गायब झालं. जणू अशी मुलगी जन्मालाच आली नव्हती.

अमेरिकेनं राहायला परवाना दिला, पण नागरिकत्व लगेच मिळत नाही. त्याला वर्षं जावी लागतात. म्हणजे एका घरानं नाव काढलं आणि दुसऱ्या घरानं अजून लावलेलं नाही.

खरं सांगू का, इथे मला आमच्या बचत गटातल्या बायका आठवल्याशिवाय राहत नाहीत. लग्न झालं की मुलीचं नाव माहेरच्या रेशनकार्डातून कमी करायचं, तसा दाखला घ्यायचा आणि मग सासरच्या कार्डात ते चढवायचं. ऐकायला किती सोपं. प्रत्यक्षात आमच्या गटातली एक नवी सून पाऊण वर्ष दोन्हीकडे नव्हती. माहेरचं नाव पहिल्याच महिन्यात कटलं. सासरच्या तालुक्याच्या कचेरीत मी तिच्यासोबत तीन वेळा गेले. एकदा दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही म्हणून परत पाठवलं, एकदा साहेब रजेवर, एकदा म्हणे ‘पुढच्या महिन्यात या’. ‘दोन्ही घरचा पाहुणा उपाशी’ असं आपण गमतीनं म्हणतो. त्या मुलीला त्या म्हणीत गंमत दिसत नव्हती. ती मला म्हणाली, ‘ताई, मी आहे तरी कुणाच्यात?’

मार्टिना जगप्रसिद्ध होती, पैसा मिळवत होती, तिची आणि आमच्या या मुलीची तुलना नाही. पण ‘मी कुणाच्यात’ हा प्रश्न तिलाही सुटला नव्हता. १९७६ च्या अमेरिकन ओपनमध्ये ती पहिल्याच फेरीत जेनेट न्यूबेरीकडून हरली आणि कोर्टावरच हमसून हमसून रडली. देश सोडून जेमतेम वर्ष झालं होतं. लोकांना हरलेली खेळाडू दिसली. मला त्या रडण्यात घर सुटलेली एकोणीस वर्षांची मुलगी दिसते.

पण ती रडत बसली नाही. १९७८ मध्ये विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात तिनं क्रिस एव्हर्टला हरवलं. पहिला सेट २-६ असा गमावून पुढचे दोन ६-४, ७-५ असे घेतले. त्याच महिन्यात ती जगात पहिल्या क्रमांकावर पोचली. पण हे बघायला तिच्या घरचं कुणी नव्हतं. तिच्या देशातला टीव्ही तिचा सामना दाखवणं शक्यच नव्हतं. आईवडील पश्चिम जर्मनीच्या सरहद्दीजवळ गेले आणि तिथे पकडल्या जाणाऱ्या जर्मन वाहिनीवर त्यांनी लेकीला जिंकताना बघितलं. पुढच्या वर्षी, १९७९ मध्ये आईला इंग्लंडला जायची परवानगी मिळाली. जवळजवळ चार वर्षांनी मायलेकींची भेट झाली, आणि आईसमोर मार्टिनानं दुसऱ्यांदा विम्बल्डन जिंकलं. लक्षात घ्या, हे दोन्ही विजय तिनं मिळवले तेव्हा ती कुठल्याच देशाची नागरिक नव्हती.

त्यानंतर आईवडील आणि बहीण अमेरिकेत तिच्याकडे येऊन राहिलेही. लेकीनं सगळी सोय केली. पण त्यांचं मन तिथे रमलं नाही. भाषा वेगळी, माणसं वेगळी. काही महिन्यांतच ते परत गेले. हे वाचताना मला आपल्याकडचे किती आईवडील आठवले! मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, सहा महिने राहून येतात, फोटो दाखवतात, सगळं छान म्हणतात, आणि हळूच सांगतात, ‘पण आपल्या अंगणाची सर नाही हो.’ आपलं घर मुलांनी बदललं म्हणून आईवडिलांचं बदलत नाही.

२१ जुलै १९८१ रोजी मार्टिना अमेरिकेची नागरिक झाली. तिथे नव्या नागरिकाला शपथ घ्यावी लागते, जुन्या देशाची निष्ठा सोडल्याची. तिच्याकडे सोडायला तसं काही उरलंच नव्हतं. पण ही शपथ होईपर्यंत तिनं आणखी एक गोष्ट मनात दाबून ठेवली होती. तिचं प्रेम बाईवर होतं. त्या काळी एवढ्या कारणावरून नागरिकत्व नाकारलं जाण्याची भीती होती. शपथ झाली आणि काही दिवसांतच वर्तमानपत्रात ते छापून आलं. मग तिनंही लपवलं नाही. जाहिरातींचे पैसे देणाऱ्या कंपन्या लांब राहिल्या, प्रेक्षकांतून टोमणे आले. इतर खेळाडूंना मिळणारं कौतुक तिला सामने जिंकूनही मिळेना. आपल्याकडे अजूनही या विषयावर चारचौघींत बोलायला जड जातं, मला माहीत आहे. पण एवढं तरी आपण मान्य करू की खोटं बोलून तिला जास्त पैसे मिळाले असते आणि ती खोटं बोलली नाही. २०१४ मध्ये तिनं आपली जोडीदार ज्यूलिया लेमिगोवा हिच्याशी न्यूयॉर्कमध्ये रीतसर लग्न केलं.

नागरिक झाल्यावर दोनच महिन्यांनी अमेरिकन ओपनचा अंतिम सामना. समोर अमेरिकेचीच लाडकी ट्रेसी ऑस्टिन. पहिला सेट मार्टिनानं ६-१ असा घेतला, पण पुढचे दोन्ही टायब्रेकवर गमावले. बक्षीस समारंभात उपविजेती म्हणून तिचं नाव पुकारलं आणि अख्खं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. ती रडली. या वेळचं रडणं हरल्याचं नव्हतं. नव्या घरानं पहिल्यांदा तिला ‘आमची’ म्हटलं होतं. सासरी पहिल्यांदा कुणी ‘आमची सून’ न म्हणता ‘आमची मुलगी’ म्हणतं ना, तेव्हा बाईचं काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

यानंतरची वर्षं म्हणजे नुसता झपाटा. पूर्वी खाण्यावर ताबा नव्हता, आता तिनं शरीर घडवायला घेतलं. नॅन्सी लिबरमन या बास्केटबॉलपटूनं तिच्याकडून धावण्याचे, वजनं उचलण्याचे व्यायाम करून घेतले. काय खायचं, किती खायचं हे ठरवून खाल्लं. आज प्रत्येक खेळाडू हे करते. तेव्हा बाईनं असे स्नायू कमावणं लोकांना विचित्र वाटायचं, ‘पुरुषी’ म्हणून नावं ठेवली जायची. तिनं उत्तर कोर्टावर दिलं. १९८३ साली ती एकेरीचे सत्त्याऐंशी सामने खेळली आणि फक्त एक हरली. १९८४ मध्ये एकेरीत सलग ७४ सामने जिंकली. पॅम श्रायव्हरबरोबर दुहेरीत तर सलग १०९. १९८२ ते १९८७ सलग सहा वर्षं विम्बल्डन तिचं, आणि मग १९९० मध्ये झीना गॅरिसनला हरवून नववं. सगळी कारकीर्द धरली तर ग्रँड स्लॅम स्पर्धांची एकेरीची १८, महिला दुहेरीची ३१ आणि मिश्र दुहेरीची १० विजेतेपदं. बेरीज ५९. एकेरीच्या सगळ्या स्पर्धा मिळून १६७.

पण एवढ्या आकड्यांमधून मला कुणी एकच सामना निवडायला सांगितला, तर मी यातला एकही निवडणार नाही. मी निवडेन जुलै १९८६ मधला प्रागचा.

फेडरेशन कप त्या वर्षी प्रागमध्ये होता. मार्टिना अमेरिकेच्या संघातून आली. घर सोडल्यावर अकरा वर्षांनी प्रथमच तिला मायदेशाचा व्हिसा मिळाला होता, आणि तोही पाहुणी म्हणून. स्वतःच्या देशात शिरायला व्हिसा! सोबत संघात क्रिस एव्हर्ट होती, तिची सगळ्यांत मोठी प्रतिस्पर्धी आणि तितकीच जवळची मैत्रीण. या दोघी एकमेकींशी ८० सामने खेळल्या, ४३ मार्टिनानं जिंकले, ३७ क्रिसनं. चेकोस्लोव्हाकियाचं राष्ट्रगीत वाजलं तेव्हा मार्टिनाचे डोळे भरून आले. अंगात अमेरिकेचा पोशाख आणि कानात लहानपणी शाळेत म्हटलेलं गीत.

सरकारनं तिला येऊ तर दिलं होतं, पण तिचं नाव घ्यायची तयारी नव्हती. ध्वनिक्षेपकावर तिची ओळख नावानं न करता ‘अमेरिकेची खेळाडू’ अशी करून दिली गेली. सरकारनं नाव गिळलं, पण लोकांनी काय केलं? त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. ती दिसली की टाळ्या, ती गुण घेईल तिथे टाळ्या. अकरा वर्षं ज्या नावाचा उल्लेख छापला गेला नव्हता, ते नाव लोकांनी घराघरांत जपून ठेवलं होतं. अंतिम फेरीत अमेरिका विरुद्ध चेकोस्लोव्हाकिया अशी गाठ पडली. मार्टिनानं हाना मांडलिकोवाला ७-५, ६-१ असं हरवलं आणि अमेरिकेनं सामना ३-० असा जिंकला. यजमान देश हरला होता आणि तरी प्रेक्षक तिच्यासाठी ओरडत होते. शेवटी ती त्यांच्याशी चेक भाषेत बोलली. १९७५ मध्ये ज्या देशाला तिनं हा कप मिळवून दिला होता, त्याच देशाला त्याच्याच अंगणात हरवून तो तिनं दुसऱ्या देशाला मिळवून दिला, आणि दोन्ही वेळा तिला टाळ्या मिळाल्या. मला वाटतं, दुहेरी नागरिकत्व तिला खरं त्या दिवशीच मिळालं. कागद यायला पुढे बावीस वर्षं लागली.

१९८९ मध्ये तिथली कम्युनिस्ट राजवट शांततेनं गेली. १ जानेवारी १९९३ ला चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले, चेक प्रजासत्ताक आणि स्लोव्हाकिया. म्हणजे जिनं देश सोडला म्हणून तिला दोष दिला, तो देशच नकाशावरून गेला आणि ही आहे तिथे आहे!

१९९४ मध्ये एकेरीतून निवृत्त झालेली मार्टिना २००० मध्ये दुहेरीसाठी पुन्हा कोर्टावर आली. आणि इथे तिच्या गोष्टीत आपला एक मुलगा येतो. मूळच्या गोव्याच्या घराण्यातला, कोलकात्यात वाढलेला लिअँडर पेस. २००३ साली ऑस्ट्रेलियन ओपन आणि विम्बल्डन, दोन्हीकडची मिश्र दुहेरी या जोडीनं जिंकली. ती ४६ वर्षांची, तो तिच्याहून जवळजवळ सतरा वर्षांनी लहान. वर्तमानपत्रात आलेला दोघांचा चषकासह हसरा फोटो मला अजून आठवतो. तेव्हा मी विशीत होते आणि शेहेचाळीस म्हणजे म्हातारपण वाटायचं. आता मी स्वतः त्याच्या आसपास आहे आणि गुडघे कुरकुरले की त्या फोटोची आठवण काढते. शेवटचं ग्रँड स्लॅम तिनं २००६ मध्ये जिंकलं, पन्नाशीला महिना उरला असताना.

मग २००८ च्या जानेवारीत चेक नागरिकत्व तिला परत मिळालं. कम्युनिस्ट काळात ज्यांचं नागरिकत्व गेलं, त्यांना ते परत घेण्याचा रस्ता नव्या सरकारनं मोकळा केला होता. लगेच चर्चा सुरू झाली, ही आता अमेरिका सोडणार की काय? तिनं स्पष्ट केलं की अमेरिकेचं नागरिकत्व ती सोडत नाही. दोन्ही ठेवणार. जे हिसकावून घेतलं होतं ते परत घेतलं, एवढंच. त्यासाठी नव्या घराकडे पाठ कशाला फिरवायची?

अर्थात प्रत्येकीला अशी मुभा मिळत नाही. नाओमी ओसाकाचंच बघा. आई जपानी, वडील हैतीचे, जन्म जपानमधला आणि तीन वर्षांची असल्यापासून वाढली अमेरिकेत. तिच्याकडे दोन्ही नागरिकत्वं होती. पण जपानचा कायदा तेव्हा सांगायचा की बाविशी गाठण्याआधी एक निवडा. २०१९ मध्ये तिनं जपान निवडलं आणि २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकची ज्योत तिच्या हातून पेटली. आपल्या भारतातही दुहेरी नागरिकत्व नाही. आपल्या कुणी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप जातं. ‘ओसीआय’ म्हणून जे कार्ड २००५ पासून मिळतं, त्यावर येणं-जाणं, राहणं होतं, पण मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. देशांना आपापली कारणं असतात, सुरक्षिततेची, निष्ठेची. ती मी नाकारत नाही. पण कायदा एकच खण भरायला सांगतो म्हणून माणसाच्या मनातला दुसरा खण रिकामा होत नाही, हे कचेरीत बसणाऱ्यानं आणि घरात बसणाऱ्यानंही ध्यानात ठेवावं.

मार्टिनाच्या आयुष्यातली एक गोष्ट मात्र तिच्या दोन्ही देशांपेक्षा तुमच्या-माझ्या जास्त जवळची आहे. २०१० च्या सुरुवातीला, वयाच्या ५३ व्या वर्षी तिला स्तनाचा कर्करोग असल्याचं कळलं. तो दुधाच्या नलिकांपुरताच होता, पसरलेला नव्हता, म्हणून बचावली. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले, आणि ते चालू असताना ती पॅरिसमध्ये फ्रेंच ओपनचं समालोचनही करत होती. नंतर तिनं स्वतःच सांगितलं की मधली चार वर्षं तिनं मॅमोग्राफी केलीच नव्हती. राहून गेली. आयुष्यभर शरीराचा एकेक स्नायू जपणाऱ्या बाईची तपासणी राहून गेली! २०२२ च्या अखेरीस तिला मानेत गाठ जाणवली. तपासात घशाचा आणि पुन्हा स्तनाचा, असे दोन कर्करोग निघाले. दोन्ही सुरुवातीच्या अवस्थेत. मार्च २०२३ मध्ये उपचारांनंतर ती आजारातून मोकळी झाल्याचं तिनं जाहीर केलं. त्याच्या जरा आधी क्रिस एव्हर्टलाही अंडाशयाच्या कर्करोगानं गाठलं होतं. जन्मभर जाळीच्या दोन बाजूंना उभ्या राहिलेल्या या दोघी आजारपणात एकमेकींचा आधार झाल्या.

आमच्या आरोग्य शिबिरात बायका येतात, रक्तदाब तपासून घेतात, साखर तपासून घेतात. आणि स्तनांच्या तपासणीची वेळ आली की, ‘आत्ता नको बाई, घरी सगळं पडलंय,’ म्हणत पदर सावरून निघतात. लाजेनं किती जणी उशिरा पोचतात, ते डॉक्टरीणबाईंना विचारा. गाठ दुखत नाही म्हणजे ती निरुपद्रवी, असं नसतं. चाळिशी उलटली असेल तर डॉक्टरांना विचारून तपासणीची तारीख ठरवा आणि ती कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा.

आणि मैत्रिणींनो, एक काम कागदांचंही. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, लग्नाच्या नोंदणीचा दाखला, नाव बदललं असेल तर त्याचं राजपत्र, सगळं एका पिशवीत आणि स्वतःच्या ताब्यात ठेवा. लेकीचं लग्न ठरलं की दागिन्यांच्या डब्यासोबत तिची ही पिशवीही तिच्या हातात द्या. नवं नाव चढल्याशिवाय जुनं कमी करायची घाई होणार नाही, तेवढं कचेरीत विचारून घ्या. मार्टिनाच्या मागे वकील होते, पैसा होता, सगळ्या जगाचे डोळे होते, तरी तिची सहा वर्षं अधांतरी गेली. आपल्या मुलींच्या मागे आपणच आहोत.

आणि लेक कुठेही जावो, शेजारच्या तालुक्यात किंवा सातासमुद्रापार, ती तिकडची होईल तेवढी होऊ द्यावी. तिकडची झाली म्हणून इकडची कमी होत नाही. प्रागच्या लोकांनी ते ओळखलं होतं. परक्या पोशाखात आलेल्या, आपल्याला हरवून गेलेल्या मुलीसाठी त्यांनी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या होत्या.